तिसऱ्या प्लेटवर अमीबा नाहीसा का होतो? मुक्तजीवी अमीबांच्या संवर्धनात पुन्हा पुन्हा येणारी अडचण

बेळगाव परिसरातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पदव्युत्तर प्रकल्पांचे दिवस आले की दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी मुक्तजीवी, म्हणजे माती-पाण्यात स्वतंत्रपणे जगणाऱ्या, अमीबांचा विषय घेतात, कारण नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. खानापूरकडच्या भातखाचरातील तांबडी माती, बैलहोंगलकडची काळी माती, मार्कंडेय नदीच्या काठचा गाळ, हिडकल जलाशयाचे पाणी, घरावरच्या टाकीच्या तळाशी साचलेला थर, यांपैकी कशातही अमीबा मिळण्याची शक्यता चांगली असते. पहिल्या प्लेटवर, म्हणजे बशीत गोठवलेल्या अगारवर, तो भरपूर दिसतो. तिथला तुकडा नव्या प्लेटवर नेला की त्या दुसऱ्या प्लेटवर विरळ होतो. तिसऱ्या प्लेटवर काहीच उरत नाही, आणि मग विद्यार्थी माझ्यापुढे प्लेट ठेवून सांगतो, "मॅडम, अमीबा मेला."

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि विद्यार्थिनी असताना स्वतःही इतक्या वेळा केली आहे, की आता तिची कारणे ज्या क्रमाने तपासायची तो क्रम लिहून ठेवावा असे वाटले. निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक या भागांतील महाविद्यालयांत मराठीतून शिकून आलेली मुले प्रयोगशाळेत काम करतात, त्यांना या विषयावर मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही, हेही एक कारण आहेच.

मेला की कोषात गेला?

प्लेट टाकून देण्याआधी ती उलटी करून सूक्ष्मदर्शकाच्या १० पट वस्तुभिंगाखाली सावकाश पाहावी. प्रकाश कमी ठेवावा, कंडेन्सर थोडा खाली घ्यावा, म्हणजे पारदर्शक पेशींच्या कडा उठून दिसतात. आमच्या मातीतून सर्वाधिक वेळा मिळणारा अमीबा म्हणजे अकँथामीबा. त्याची चरणारी, सक्रिय पेशी साधारण १५ ते ४५ मायक्रोमीटर असते, तिच्या कडेला काट्यांसारखे बारीक छद्मपाद असतात, आत मोठी केंद्रिका असलेले केंद्रक असते आणि भरून रिकामी होत राहणारी संकोची रिक्तिका दिसते. परिस्थिती प्रतिकूल झाली की हीच पेशी १० ते २५ मायक्रोमीटरच्या दुहेरी भिंतीच्या कोषात जाते. कोषाची बाहेरची भिंत सुरकुतलेली आणि आतली भिंत बहुकोनी किंवा चांदणीसारखी असते, त्यामुळे एकदा नजर बसली की हा कोष दुसऱ्या कशाशी सहसा गोंधळत नाही.

माझ्याकडे "मेला" म्हणून आलेल्या बहुतेक प्लेटांवर असे कोष शेकड्यांनी असतात. या कोषांच्या भिंतीत सेल्युलोज असते, नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनला ते दाद देत नाहीत, आणि कोरड्या अवस्थेत वीस वर्षांहून अधिक काळ राहूनही ते पुन्हा जागे झाल्याची नोंद आहे. त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा आहे. कोष असलेल्या भागाचा एक सेंटिमीटरचा अगारचा तुकडा निर्जंतुक सुरीने कापावा आणि ताज्या प्लेटवर ताज्या जिवाणूंच्या थरावर पालथा ठेवावा. एक ते तीन दिवसांत त्या तुकड्याच्या कडेने सक्रिय पेशी बाहेर पडू लागल्या, तर तुमचा अमीबा जिवंत आहे आणि दोष संवर्धनाच्या पद्धतीत आहे. आठवडाभरात काहीच हालले नाही, तर मात्र पुढचे सारे वाचावे.

सर्वांत मोठी चूक: माध्यम पौष्टिक करणे

अमीबा विरळ झाला की विद्यार्थ्याच्या मनात येणारा पहिला विचार असा असतो की त्याला खायला कमी पडते आहे. ते बरोबरच असते. पण मग तो पोषणविरहित अगार सोडून न्यूट्रियंट अगार घेतो, किंवा अगारमध्ये चिमूटभर पेप्टोन (प्रथिने पचवून केलेली भुकटी) आणि यीस्टचा अर्क टाकतो, आणि तिथेच सारे बिघडते. प्लेटवरचा अमीबा पेप्टोनवर चरायला आलेला नसतो, तो जिवाणूंवर चरायला आलेला असतो. माध्यमात पोषण वाढवले की सर्वांत आधी जिवाणू वाढतात. नमुन्याबरोबर मातीतून आलेले जिवाणूही त्यांत असतात, त्यांचा दाट, चिकट साय धरल्यासारखा थर होतो, त्या थरात अमीबाला सरकता येत नाही, प्राणवायू कमी पडतो, प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया सुटून माध्यम अल्कधर्मी होते, आणि अमीबा कोषात जातो. प्रयोगशाळेत अकँथामीबाला मुद्दाम कोषात घालायचे असते तेव्हा वापरतात ते नेफ यांचे कोषनिर्मिती द्रावणसुद्धा सुमारे ९ सामू असलेले, अन्नविरहित द्रावण असते, हे लक्षात घेतले म्हणजे पौष्टिक प्लेटवर नेमके काय घडते ते उमगते.

या अमीबांच्या शोधाचा इतिहासही हेच सांगतो. १९३० मध्ये कॅस्टेलानी यांना अकँथामीबा सापडला तो यीस्टच्या संवर्धनात शिरलेला, यीस्ट खाणारा आगंतुक म्हणून, आणि १९५८ मध्ये कल्बर्टसन यांना तो भेटला तो पोलिओ लसीच्या कामासाठी वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. दोन्ही ठिकाणी तो अन्नाच्या मागे आला होता. म्हणून प्लेट बिघडली की मी माध्यमाच्या डब्यावरचे नाव विचारत नाही, "तो खातो आहे काय आणि किती?" एवढेच विचारते.

प्लेटसाठी आम्ही जे वापरतो ते पेज यांचे अमीबा-सलाइन, म्हणजे अमीबासाठीचे सौम्य क्षारद्रावण, आणि त्यात दीड टक्का अगार. एक लिटरमध्ये सोडियम क्लोराइड १२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू पाण्याचे) ४ मिलिग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाण्याचे) ४ मिलिग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १४२ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १३६ मिलिग्रॅम. ४ मिलिग्रॅम वजन महाविद्यालयातील साध्या तराजूवर नीट होत नाही, आणि अंदाजे टाकलेले कॅल्शियम ही बिघाडाची एक लपलेली वाट आहे. त्यामुळे शंभरपट तीव्रतेची दोन द्रावणे वेगळी करून ठेवावीत. एका लिटरभर बाटलीत १२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. दुसऱ्या लिटरभर बाटलीत १४.२ आणि १३.६ ग्रॅम फॉस्फेटे. दोन्हींतील १०-१० मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने एक लिटर करावे. फॉस्फेट आणि कॅल्शियम तीव्र अवस्थेत एकत्र ठेवले तर तळाशी पांढरा साका बसतो, म्हणून ती बाटली कधीही एक करू नये.

अगार चांगल्या प्रतीचा, सूक्ष्मजीवशास्त्रासाठीचाच घ्यावा. स्वयंपाकातील चायना ग्रासवर प्लेट ओतता येते हे खरे, परंतु त्यात काय काय शिल्लक असते ते सांगता येत नाही, आणि पोषणविरहित या शब्दाचा अर्थच त्यामुळे उरत नाही.

जिवाणू कोणते, किती, आणि कसे धुतलेले

अन्न म्हणून ई. कोलायचा प्रयोगशाळेतील निरुपद्रवी वाण सर्वांत सोयीचा. तो न्यूट्रियंट अगारवर रात्रभर ३७ अंशांवर वाढवावा, अमीबा-सलाइनमध्ये खरवडून घ्यावा, आणि सेंट्रीफ्यूजमध्ये दोनदा धुवावा. हे धुणे विद्यार्थी टाळतात, आणि नेमके त्यामुळेच खरवडलेल्या जिवाणूंबरोबर पेप्टोन आणि मीठ पोषणविरहित प्लेटवर जाऊन पोचते. धुतलेल्या जिवाणूंचे दुधाळ द्रावण करून ९० मिलिमीटरच्या प्लेटवर १०० ते २०० मायक्रोलिटर पसरावे आणि अगारने ते शोषून घेईपर्यंत थांबावे. पाणी साचलेल्या प्लेटवर अमीबा एका जागी गोळा होऊन तरंगतो आणि त्याची पुढे सरकणारी कड दिसत नाही.

जिवाणू जिवंत ठेवायचे की मारून वापरायचे, हा प्रश्न दरवेळी येतो. ६० अंशांवर तासभर तापवून मारलेले जिवाणू वापरले तर थर नियंत्रणात राहतो, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अन्न संपते आणि त्या वेळेत पुढची प्लेट केली नाही तर सारे कोषात जातात. जिवंत जिवाणू वापरले तर सवड मिळते. मातीतून पहिल्यांदा अमीबा काढताना मी जिवंत वापरायला सांगते, आणि एकदा अमीबा वेगळा झाला की मारलेले. सक्रिय पेशी हव्या असतील तर दर तीन ते पाच दिवसांनी नवी प्लेट, आणि तुकडा नेहमी सरकत्या कडेचा घ्यावा, मधल्या मोकळ्या झालेल्या भागाचा नव्हे. तिसऱ्या प्लेटवर अमीबा हरवण्याचे जे प्रकार मी पाहिले, त्यांत तुकडा चुकीच्या जागेवरून घेतल्याचे प्रमाण मोठे होते.

कोणताही जिवाणू चालतो असेही नाही. आपल्याकडचे प्रोटोझोआशास्त्रज्ञ बी. एन. सिंग यांनी १९४० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मातीतील अमीबांना जिवाणूंचे अनेक प्रकार खाऊ घालून दाखवले की अमीबा निवड करतो, आणि रंगद्रव्य तयार करणारे पुष्कळ जिवाणू त्याला खाण्याजोगे नसतात. त्याच निरीक्षणाच्या आधारे त्यांनी मातीतील अमीबा मोजण्याची पद्धत १९४६ मध्ये मांडली. पुढे लखनौला काम करताना सिंग आणि दास यांनी १९७० मध्ये कल्बर्टसन यांच्या नावाने जी जाती वर्णन केली, ती आज अकँथामीबा कल्बर्टसोनी म्हणून ओळखली जाते. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत परदेशी नावांची रांग लावणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम जरूर वाचावे असे मला मनापासून वाटते. व्यवहारात याचा अर्थ असा की प्लेटवर लालसर, जांभळट किंवा हिरवट छटा दिसू लागली आणि त्या भागात अमीबा थांबून गोल होऊ लागला, तर सेराशिया, क्रोमोबॅक्टेरियम किंवा स्यूडोमोनाससारखा जिवाणू शिरला असण्याची शंका घ्यावी, आणि त्या भागापासून दूरचा तुकडा उचलावा.

पाणी आणि मीठ

जिवाणू विरघळवायला हाताशी असलेले ०.८५ टक्के मिठाचे पाणी वापरणे ही सवयीने होणारी चूक आहे. अकँथामीबा ते बऱ्यापैकी सोसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. नेग्लेरिया या दुसऱ्या मुक्तजीवी अमीबाला मात्र एवढे मीठ सोसत नाही. लिटरमागे १२० मिलिग्रॅम आणि लिटरमागे साडेआठ ग्रॅम यांत सत्तरपट फरक आहे, हे एकदा आकड्यांत मांडून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

बोअरच्या पाण्याचेही तसेच. आमच्या जिल्ह्यात पूर्वेकडे जावे तसे बोअरचे पाणी जड होत जाते, भांड्यावर पांढरा थर धरतो, आणि ते पाणी माध्यमासाठी वापरले की प्रत्येक वेळी निकाल वेगळा येतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ऊर्ध्वपातित पाणी संपले तर काम एक दिवस पुढे ढकलावे, पण पाणी बदलू नये.

एकदा एका तुकडीच्या साऱ्या प्लेटांवर अमीबा दोन तासांत गोल होऊन फुटू लागला होता. माध्यम तेच, जिवाणू तेच. चार दिवस आम्ही कारण शोधत होतो. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी आठवण करून दिली की त्या आठवड्यात काचेच्या बाटल्या नव्या साबण पावडरने धुतल्या होत्या. साबणाचा अंश पेशीपटल फोडतो. तेव्हापासून काचसामान नळाच्या पाण्याने पुष्कळ वेळा आणि नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा खळबळले जाते, आणि या विभागात हे काम मामांइतके काळजीपूर्वक दुसरे कोणी करत नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

पुस्तकात लिहिलेले असते की अकँथामीबा ३० अंशांवर वाढवावा. साधा इनक्यूबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. एप्रिलमध्ये दुपारी खोलीचेच तापमान ३६-३७ अंशांच्या घरात जाते तेव्हा ३० वर लावलेला इनक्यूबेटर ३० वर राहत नाही, आणि वीज गेली तर बंद पेटीत तापमान किती होते ते कोणी पाहत नाही. या दिवसांत प्लेट बीओडी इनक्यूबेटरमध्ये, म्हणजे गारही करू शकणाऱ्या पेटीत, ठेवावी. तो नसेल तर खोलीतील सर्वांत गार कोपरा निवडावा, तिथे तापमापी ठेवून दिवसातून तीन वेळा नोंद करावी, आणि २५ अंशांच्या आसपास वाढ सावकाश झाली तरी ती स्वीकारावी. सावकाश वाढणारा अमीबा कोषात गेलेल्या अमीबापेक्षा कधीही बरा.

त्याच दिवसांत पातळ ओतलेली प्लेट तीन दिवसांत सुकते आणि सुकली की कोष. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २० ते २५ मिलिलिटर अगार ओतावा, कडेने पॅराफिल्म (ताणून चिकटवायची मेणचट पट्टी) लावावी, आणि प्लेटा पालथ्या करून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओल्या कापसाबरोबर ठेवाव्यात.

पावसाळ्यात हाच ओला कापूस शत्रू होतो. जून ते सप्टेंबर खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात काय पाऊस असतो आणि घरातील कपडेसुद्धा कसे वाळत नाहीत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसांत मातीच्या प्लेटवर चौथ्या दिवशी बुरशीचा कापूस उभा राहतो आणि अमीबा त्याखाली दडपतो. शिवाय अगदी बारीक माइट किडे एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर चालत जाताना बुरशीचे बीजाणू नेतात, आणि त्यांच्या पावलांच्या रेषेत बुरशीचे ठिपके उगवतात. अशी ठिपक्यांची रेषा दिसली की ती प्लेट त्याच दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये घालून नष्ट करावी, डबा आणि फळी स्पिरिटने पुसावी, आणि त्या फळीवरच्या इतर प्लेटा तपासाव्यात.

बुरशीवर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे माध्यमात ॲम्फोटेरिसिन-बी घालणे. हा उपाय अमीबाच्या कामात अत्यंत विचारपूर्वक करावा, आणि नेग्लेरियाच्या कामात तर करूच नये. हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटून काम करते, आणि एर्गोस्टेरॉल या अमीबांच्या पटलातही असते. नेग्लेरिया फाउलेरीच्या मेंदुज्वरावर जे औषध रुग्णाला देतात तेच आपण संवर्धनात ओतत असतो, मग अमीबा नाहीसा झाला तर नवल नाही. निस्टॅटिन त्याच वर्गातले, त्यामुळे तेही नको.

त्याऐवजी अमीबाच्या चालीचा उपयोग करावा. प्लेटवर जिवाणू सर्वत्र न पसरता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच जाड रेघ ओढावी आणि मातीचा कण एका टोकाला ठेवावा. अमीबा जिवाणूंच्या रेघेवरून चरत पुढे जातो. रोज पाहावे, आणि बुरशीचे तंतू पोचण्याआधी रेघेच्या दूरच्या टोकाकडून तुकडा उचलावा. असे दोन-तीन वेळा केले की बहुधा बुरशी मागे राहते. यात औषध नाही, खर्च नाही, फक्त रोज सकाळी सूक्ष्मदर्शकापाशी बसणे आहे, आणि जे विद्यार्थी रविवारीही येऊन प्लेट पाहतात त्यांचाच अमीबा टिकतो असा माझा अनुभव आहे. मातीही चिमूटभरच घ्यावी, ०.१ ग्रॅम पुरते. चमचाभर माती टाकून अमीबा अधिक मिळत नाही, बुरशी तेवढी अधिक मिळते.

प्लेटवरून द्रव माध्यमात नेताना

ज्यांना केवळ अमीबा हवा आहे, सोबत जिवाणू नकोत, त्यांना पीवायजी, म्हणजे पेप्टोन, यीस्टचा अर्क आणि ग्लुकोज यांच्या द्रव माध्यमाकडे जावे लागते. अशा जिवाणूरहित संवर्धनाला ॲक्झेनिक संवर्धन म्हणतात. नेफ यांनी १९५७ मध्ये मातीतील अकँथामीबा शुद्ध करून असा वाढवून दाखवला आणि त्या वाणावर आजही जगभर काम होते. प्लेटवर जी गोष्ट चुकीची होती, म्हणजे माध्यम पौष्टिक करणे, तीच इथे आवश्यक होते, कारण इथे जिवाणूच नाहीत. विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे मूळ मला इथेच दिसते: त्यांनी दोन्ही कृती वाचलेल्या असतात, पण एका कृतीत अन्न जिवाणूंचे शरीर आहे आणि दुसरीत अन्न विरघळलेले आहे, हा फरक कोणी ठळकपणे सांगितलेला नसतो. अमीबा विरघळलेले अन्नही घोट घेतल्यासारखे थेंबाथेंबाने आत घेतो, परंतु रानातून नुकत्याच आणलेल्या अमीबाला त्याची सवय नसते आणि त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

पीवायजीचे पाठ अनेक आहेत. आम्ही वापरतो त्यात प्रोटीओज पेप्टोन ०.७५ टक्के, यीस्टचा अर्क ०.७५ टक्के आणि ग्लुकोज १.५ टक्के असते. दुसऱ्या प्रचलित पाठात लिटरमागे २० ग्रॅम प्रोटीओज पेप्टोन, १ ग्रॅम यीस्टचा अर्क, १८ ग्रॅम ग्लुकोज आणि त्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सायट्रेट, लोह आणि फॉस्फेटचे क्षार असून सामू ६.५ ठेवतात. कोणताही एक पाठ निवडावा आणि पूर्ण वर्ष तोच ठेवावा. ग्लुकोज पेप्टोनबरोबर एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर माध्यम तपकिरी पडते आणि वाढ मंदावते, म्हणून ते वेगळे निर्जंतुक करून गार झाल्यावर मिसळावे. क्षारांच्या पाठात कॅल्शियम सर्वांत शेवटी घालावे. प्रोटीओज पेप्टोनऐवजी साधे पेप्टोन चालेल का, असे विचारले जाते. मी ते करून पाहिले आहे, वाढ होते पण भरवसा राहत नाही, आणि पेप्टोनचा नवा डबा उघडल्यावर तीच अडचण पुन्हा उभी राहते. त्यामुळे जुन्या डब्यातील थोडे माध्यम राखून ठेवावे आणि नव्याशी समांतर लावून पाहावे.

जिवाणू काढण्यासाठी अकँथामीबाच्या कोषाचा चिवटपणा उपयोगी पडतो. प्लेट जुनी होऊ द्यावी, सारे कोषात जाऊ द्यावेत, मग कोष खरवडून २ ते ३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवावेत. त्यात सक्रिय पेशी आणि बहुतेक जिवाणू मरतात, कोष टिकतात. अमीबा-सलाइनने तीनदा धुऊन ते पीवायजीत सोडावेत, सोबत मिलिलिटरमागे १०० युनिट पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. माध्यम गढूळ झाले तर जिवाणू राहिले आहेत. तेव्हा प्रतिजैविक दुप्पट करण्याऐवजी पुन्हा मारलेल्या जिवाणूंच्या प्लेटवर जाऊन, कोष करून, आम्लाची पायरी पुन्हा करावी. आणि माध्यम नितळ आहे म्हणून शुद्ध आहे असे समजू नये, कारण अकँथामीबाच्या पेशीच्या आत राहणारे जिवाणू असतात. रोबॉथम यांनी १९८० मध्ये लिजिओनेला हा जिवाणू अमीबाच्या आत वाढतो हे दाखवले, आणि १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या शीतमनोऱ्याच्या पाण्यातील अमीबात जे त्यांना जिवाणू वाटले होते, तो महाकाय विषाणू असल्याचे २००३ मध्ये उघड झाले. न्यूट्रियंट अगारवर थेंब टाकून पाहणे ही किमान तपासणी आहे, आणि तीसुद्धा पेशीच्या आत दडलेल्या जिवाणूंबद्दल फार काही सांगत नाही.

द्रव संवर्धन उभ्या परीक्षानळीत भरून ठेवणे ही आणखी एक चूक. अमीबाला प्राणवायू भरपूर लागतो. आडव्या फ्लास्कमध्ये उथळ थर ठेवावा, २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कला ५ मिलिलिटर पुरे. पेशी तळाला चिकटतात. त्या काढताना खरवडू नयेत, फ्लास्क दहा-पंधरा मिनिटे बर्फावर ठेवून हलक्या हाताने थापटावा. नव्या फ्लास्कमध्ये मिलिलिटरमागे दहा हजार ते एक लाख पेशी असाव्यात. फार थोड्या पेशी सोडल्या तर संवर्धन उठत नाही, आणि फार दाट होऊ दिले तर अन्न असूनही कोष दिसू लागतात.

नेग्लेरियाबद्दल

मेंदुज्वर घडवणारा नेग्लेरिया फाउलेरी ही अडचण म्हणून लिहिण्याची गोष्ट नाही, थांबण्याची आहे. तो ४५ अंशांपर्यंत वाढतो, आणि पाण्याचे नमुने ४२ ते ४४ अंशांवर ठेवले तर इतर पुष्कळ अमीबा मागे पडून असे उष्णताप्रिय अमीबा निवडले जातात. म्हणूनच पदवीच्या वा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, जैवसुरक्षा स्तर २ ची व्यवस्था आणि अनुभवी देखरेख नसताना, या तापमानावर नमुने वाढवू नयेत. ज्यांच्याकडे अशी व्यवस्था आहे त्यांच्यासाठी दोनच सूचना. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण या अमीबाच्या सक्रिय पेशी थंडीत मरतात आणि "नमुन्यात नव्हता" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आणि जिवाणूरहित संवर्धनासाठी पीवायजीवर हटून बसू नये, नेग्लेरियासाठी गर्भस्थ वासराचे सीरम घातलेली, केसीन, ग्लुकोज आणि यीस्टच्या अर्काची माध्यमे वापरतात. निरुपद्रवी नेग्लेरिया ग्रुबेरीवर सराव करायचा असेल तर २५ ते ३० अंशांवर पोषणविरहित अगार पुरतो. पेशी ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबात सोडल्या की काही तासांत त्यांतील काहींना कशाभिका फुटतात आणि त्या पोहू लागतात. अकँथामीबा असे कधी करत नाही, त्यामुळे ओळख पटवायला ही सोपी कसोटी आहे.

बालामुथिया हा आणखी एक मुक्तजीवी अमीबा जिवाणूंच्या प्लेटवर वाढतच नाही, त्याला सस्तन प्राण्यांच्या पेशी किंवा विशेष माध्यम लागते. प्लेटवर तो दिसला नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नाही.

अकँथामीबाबाबत एक गोष्ट बजावून सांगते. तो डोळ्याच्या पारदर्शक पटलाला गंभीर संसर्ग करतो, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना धोका अधिक असतो. लेन्स घालून या बाकावर काम करू नये, चष्मा लावावा, आणि वापरलेली प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाऊ द्यावी. साध्या जंतुनाशकाने पुसलेली प्लेट कोषांच्या दृष्टीने सुरक्षित झालेली नसते.

ऑटोक्लेव्ह आणि राखीव प्लेट

ऑटोक्लेव्हचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. केवळ दाबाचा काटा असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाब दाखवला तरी आतले तापमान १२१ अंशांपेक्षा सव्वा अंशाच्या आसपास कमी असते, कारण काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि इथली हवा विरळ आहे. आम्ही १६ पौंडांच्या थोडे वर ठेवतो, किंवा पंधराऐवजी वीस-पंचवीस मिनिटे देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिट्टी लावण्याआधी आतली सारी हवा वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यावी. मातीच्या कामातील बाटल्यांमध्ये उष्णता सोसणारे बीजाणू असतात, आणि "निर्जंतुक" सलाइनमधूनच जिवाणू येत असल्याचे आम्हाला दोन वर्षांपूर्वी एका कोऱ्या प्लेटने दाखवले. प्रत्येक तुकडीत अमीबा न टाकलेली एक प्लेट आणि जिवाणूही न टाकलेली एक प्लेट ठेवण्याची सवय तेव्हापासून लागली.

प्रकल्प सुरू होताना पहिल्याच चांगल्या प्लेटच्या तीन प्रती कराव्यात. एक कामाची. दुसरी पूर्ण कोषात जाऊ द्यावी, पॅराफिल्मने बंद करून ४ अंशांवर ठेवावी, अकँथामीबाचे कोष तिथे काही महिने सहज राहतात. तिसरी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीखाली असावी. झाकणावर लिहिलेले नाव झाकण बदलले की हरवते, त्यामुळे नमुन्याचे गाव, तारीख आणि कितवी प्लेट हे तळाच्या काचेवर लिहावे.

आणि "अमीबा मेला" असे वाटले तर नव्या मातीसाठी खानापूरची बस पकडण्याआधी फ्रिजमधली ती दुसरी प्लेट काढून, तिचा तुकडा ताज्या ई. कोलायच्या थरावर पालथा ठेवून, तीन दिवस वाट पाहावी.